एकाग्रता वेगळी, शिस्त वेगळी

घरून स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचे काम रखडले की ‘मन लागत नाही’ आणि ‘शिस्त नाही’ ही दोन वाक्ये सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. गुहागर तालुक्यातल्या घराच्या पडवीत बसून भाषांतराची कामे करताना माझ्या हळूहळू ध्यानात आले, की ही दुखणी निराळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

एकाग्रता हातातल्या कामाशी आणि त्या घटकेशी बांधलेली असते. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात पाग टाकायला उभा राहिलेला माणूस पाहावा. पाण्यावर माशांची हालचाल दिसेपर्यंत तो खांद्यावर जाळे घेऊन निश्चल असतो आणि काठावरून मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिस्त त्याच्या अगोदरची. फाटलेले जाळे रात्रीच सांधून ठेवणे आणि पाण्याची वेळ साधून खाडीवर हजर होणे, ही शिस्त. तीही घड्याळाची नव्हे, कारण भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे त्याची निघण्याची वेळ तिथीप्रमाणे बदलत राहते, पण हुकत नाही. नऊच्या ठोक्याला टेबलाशी बसणे म्हणजेच शिस्त, ही कचेरीतून घरी आणलेली समजूत मला म्हणूनच अपुरी वाटते.

माझ्याकडे एकाग्रता होती, शिस्त नव्हती. एकदा एका लांबलचक मजकुराला रात्री अकराला बसलो, तो कोंबडा आरवेपर्यंत उठलो नाही. भाषांतर उत्तम उतरले. मात्र दुसऱ्या एका ग्राहकाला दिलेली तारीख त्याच रात्री उलटून गेली आणि त्याने पुन्हा काम दिले नाही. घरची माणसे मात्र ‘केवढा खपतो’ म्हणून कौतुक करत होती, कारण गुंग झालेला माणूस बाहेरून शिस्तीचाच दिसतो.

याच्या उलट, शिस्त असून एकाग्रता नसणे चटकन ओळखू येत नाही. माणूस वेळेवर बसलेला असतो, पण दारात पाटी उतरवून मासेवाली मावशी हाक मारते, सर आली म्हणून अंगणातले रतांबे उचलावे लागतात, मधेच फोनवर निरोप वाजतो. यातले एकेक कारण पाच मिनिटांचे. नुकसान त्याहून मोठे. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले, की काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. येथे वेळापत्रक आणखी कडक करून काही साधत नाही. जागा बदलावी, फोन माजघरात ठेवावा, आणि उठावेच लागले तर पुढचे वाक्य कसे सुरू करायचे ते कागदावर टिपून उठावे, एवढे मला उपयोगी पडले.

फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून बसवलेली ‘पोमोडोरो’ पद्धत, म्हणजे २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती, मुख्यतः याच दुखण्यावरची आहे. कोणते काम स्वीकारावे आणि बिल कधी पाठवावे, हे तो टायमर सांगत नाही.

शिस्तीची खरी पारख रिकाम्या दिवसांत होते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्रात जायचेच नसते, तरीही शाकारलेल्या होड्यांच्या आडोशाला जाळी सांधणे आणि इंजिने उघडून साफ करणे चालू असते. गेल्या जुलैत माझ्याकडे एकही काम नव्हते. तेव्हा रोज सकाळचे दोन तास मी जुन्या शब्दसूची लावण्यात आणि हिशेबाची वही तपासण्यात घालवले. त्या रात्री कोंबडा आरवेपर्यंत बसून केलेल्या भाषांतराचे बिल मी पाठवलेच नव्हते, हे मला त्या वहीत सापडले.