नमुना आणण्याआधी एवढं वाचा

गेल्या जूनमध्ये, मासेमारी बंद असताना, एक हॉटेलवाले आमच्या डीएनए प्रयोगशाळेत बर्फातले पांढरे फिले घेऊन आले. बिलावर रावस, पण डोकं नाही, शेपूट नाही, खवले नाहीत. अशा तुकड्यापुढे भाऊच्या धक्क्यावरची मुरलेली कोळीणही हात टेकेल. आम्ही तांदळाच्या दाण्याएवढा कण घेतला. निघाला स्वस्तातला बासा.

हे कसं कळतं? पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्यातल्या सीओआय जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा भाग पीसीआर यंत्रात, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या यंत्रात, वाढवायचा. दर फेरीला प्रती दुप्पट, म्हणजे 30 फेऱ्यांत, कागदावर तरी, एकाच्या 100 कोटींवर. मग अक्षरांचा क्रम वाचायचा आणि जगभरच्या नोंदींशी ताडायचा. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये याला 'बारकोड' म्हटलं, ते नाव टिकलं.

पापलेटचंच पाहा. 2023 मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. पुस्तकांत मात्र आपल्याकडचं पापलेट वर्षानुवर्षं पॅम्पस अर्जेंटियस म्हणून नोंदलेलं. डीएनए ताडल्यावर ते पॅम्पस कँडिडस ठरलं. आणि मेनूकार्डावरचं 'ब्लॅक पॉमफ्रेट', म्हणजे आपला हलवा, पापलेटच्या कुळातलाच नाही. चव उत्तम, तो भाग वेगळा.

आता जिथे लोकांचे पैसे फुकट जातात ती गोष्ट. एका तुकड्यावरून जात कळते, वस्ती नाही. डहाणूची मासळी आणि रत्नागिरीची मासळी एकमेकांत मिसळते का, हे हवं असेल तर दोन्ही बंदरांतले प्रत्येकी तीस-चाळीस मासे लागतात, आणि सीओआय पुरत नाही. मायक्रोसॅटेलाइटसारख्या, डीएनएतल्या झपाट्याने बदलणाऱ्या खुणा मोजाव्या लागतात. एकच मासा आणून "हा कुठला?" विचारलंत तर आम्ही पैसे घेणार नाही.

माणसांचंही गणित हेच. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे, शनिवार पाळणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले मराठी बोलणारे बेने इस्रायली घ्या. 2016 च्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे दिसले. पण ते अनेकांचे नमुने इतर समाजांशी ताडून. एकाच्या थुंकीवरून नव्हे. मायटोकॉन्ड्रिया तर फक्त आईकडून येतो. दहा पिढ्या मागे आपल्या पूर्वजांच्या 1024 जागा असतात, त्यांतल्या एकाच बाईबद्दल तो बोलतो. तेव्हा "आमचं कुळ शहाण्णवातलं का, ते काढून द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

मासा आणताना पराचा नखाएवढा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये टाका किंवा थेट गोठवा. फॉर्मेलिन नको, डीएनए खराब होतो. प्रत्येक माशाला नवं ब्लेड वापरा, नाहीतर पहिल्याचा अंश दुसऱ्यात जातो. कालवणातला तुकडाही कधीकधी चालतो, पण शिजून डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात, म्हणून खात्री देत नाही.

लाळ देण्याआधी अर्धा तास खाणं, चहा, तंबाखू बंद. समाजाचा अभ्यास असेल तर नीतिमत्ता समितीचं पत्र आणि प्रत्येकाची सही असलेलं संमतिपत्र आधी दाखवा. गर्भाच्या चाचण्या आम्ही करत नाही.

बाटलीवर बंदर आणि तारीख पेन्सिलीने लिहा आणि तशीच एक चिठ्ठी आतही टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलने धुऊन जाते. मागे एकाच्या चाळीस बाटल्या आल्या होत्या, चाळीसही कोऱ्या.