खांदेपालट : अमेरिकन फुटबॉलमधल्या वाटून घेतलेल्या धावेची गोष्ट

१६ नोव्हेंबर २०१४च्या रात्री इंडियानापोलिसमध्ये जोनास ग्रे नावाच्या, तोवर फारशा कुणाला माहीत नसलेल्या खेळाडूनं न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून ३७ वेळा चेंडू हातात घेतला, २०१ यार्ड कापले आणि चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. महिन्याभरापूर्वीपर्यंत तो सराव पथकात होता. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये त्याच्या नावावर त्याआधी एकही टचडाउन नव्हता. देशभर त्याचा फोटो झळकला. मग त्याच आठवड्यात शुक्रवारी त्याच्या फोनची बॅटरी उतरली, गजर वाजला नाही आणि सरावाला पोचायला उशीर झाला. रविवारी डेट्रॉइटविरुद्ध त्याच्या हाती एकदाही चेंडू आला नाही. पिट्सबर्गनं नुकताच सोडलेला लेगारेट ब्लाउंट पेट्रियट्सनं परत आणला होता. त्यानं दोन टचडाउन केले, संघ आरामात जिंकला आणि फेब्रुवारीत विजेताही झाला.

ही गोष्ट बहुतेकदा शिस्तीचा धडा म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरंच दिसतं. एका माणसानं २०१ यार्ड काढले, पुढच्या सामन्यात तो बाकावर बसला आणि संघाचं काडीइतकंही अडलं नाही. चढाईची सूत्रं हलवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत असं करायची कुठल्या प्रशिक्षकाची छाती झाली असती? चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या बाबतीत झाली, कारण तोवर त्याची जागा एका माणसाची राहिलीच नव्हती.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चढाई करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. प्रत्येक वेळी क्वार्टरबॅक चेंडू एक तर फेकतो किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. पुढचं काम त्याचं : समोरच्या गर्दीत फट शोधायची आणि घुसायचं. अशा एका धावेला कॅरी म्हणतात, आणि तिचा शेवट बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे किलोच्या दोन-तीन माणसांखाली होतो. धावण्याखेरीज त्याला पास झेलावे लागतात आणि क्वार्टरबॅकच्या अंगावर येणाऱ्याला अडवावंही लागतं. ही तिन्ही कामं सारख्याच ताकदीनं करणारे विरळा. म्हणून बहुतेक संघ आज दोघा-तिघांत हे काम वाटतात. अमेरिकेत त्याला ‘कमिटी’ म्हणतात. आपल्याकडे समिती नेमली म्हणजे निर्णय लांबणीवर पडला असं आपण समजतो, आणि तिथंही हा शब्द सुरुवातीला काहीसा हेटाळणीनंच वापरला जाई : एकही धड माणूस नाही, म्हणून कमिटी. आपल्या भाषेत याला खरा शब्द आहे खांदेपालट. आता तो आपण मंत्रिमंडळासाठी वापरतो, पण मुळात पालखीचे भोई खांदा बदलतात ती ही खांदेपालट.

ही वाटणी आधुनिक आहे, पूर्वी एकटा वीर सगळं ओझं वाहायचा, असं जुने प्रेक्षक हळहळून सांगतात. ते अर्धंच खरं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेषेमागे चार बॅक उभे असत आणि चेंडू कुणाच्याही हाती जाऊ शके. १९२४च्या नोत्र दाम विद्यापीठाच्या ज्या संघाचं नाव अजून घेतलं जातं, त्याच्या चौघा बॅकना मिळून ‘चार घोडेस्वार’ हे एकच नाव मिळालं होतं. तेव्हा बदली खेळाडूंवर कडक बंधनं होती, तीच माणसं चढाईलाही आणि बचावालाही. एनएफएलनं हवे तितके बदली खेळाडू उतरवायची मुभा कायमची दिली ती १९५०मध्ये. म्हणजे वाटणी आधी आली, विश्रांतीचा विचार नंतर. १९५०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे वाय. ए. टिटल, ह्यू मॅकेल्हेनी, जो पेरी आणि जॉन हेन्री जॉन्सन असे चौघं एकाच वेळी क्वार्टरबॅक आणि बॅकच्या जागांवर होते. चौघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. विजेतेपद मात्र त्या चौकडीला मिळालं नाही. ग्रीन बेमध्ये प्रशिक्षक विन्स लोम्बार्डींकडे जिम टेलर आणि पॉल हॉर्नंग ही जोडी होती. एकटा वीर शोधायचाच तर क्लीव्हलँडचा जिम ब्राउन. नऊ मोसमांपैकी आठ मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक यार्ड त्याचे, कारकिर्दीत १२,३१२ यार्ड आणि दर धावेमागे सरासरी ५.२. पण तो अपवाद होता, आणि अपवादालाच पुढच्या पिढ्यांनी नियम मानलं.

खांदेपालटीचा खरा नमुना पाहायचा तर १९७२च्या मायामी डॉल्फिन्सकडे जावं लागतं. त्या मोसमात हा संघ १७ पैकी १७ सामने जिंकला, तसं एनएफएलमध्ये आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. प्रशिक्षक डॉन शुला यांच्याकडे तीन धावपटू होते. लॅरी झॉन्का मधून भिंत फोडून जाणारा, मर्क्युरी मॉरिस कडेनं निसटणारा आणि जिम किक पास झेलणारा, अडचणीच्या डाउनवर भरवशाचा. नियमित मोसमात झॉन्काला २१३ कॅरी मिळाल्या, मॉरिसला १९०, किकला १३७. तिघांचं गणित फलंदाजीच्या क्रमासारखं ठरलेलं नव्हतं, परिस्थिती पाहून माणूस बदले. आधी किकची असलेली जागा मॉरिसला हवी होती, ती मिळाल्यावर किकला ती जाताना पाहावी लागली आणि दोघांनीही आपली नाराजी लपवली नाही. तरी अंतिम सामन्यात एका यार्डावरून टचडाउन करायची वेळ आली तेव्हा चेंडू किककडेच गेला.

मोसम संपला तेव्हा झॉन्काच्या नावावर १,११७ यार्ड होते आणि मॉरिसच्या नावावर ९९१. हजाराला नऊ यार्ड कमी. मग लीगनं एका जुन्या सामन्याची फिल्म पुन्हा पाहिली. हातातून निसटलेल्या एका चेंडूपायी मॉरिसच्या खात्यातून कापलेले नऊ यार्ड त्याचे नव्हतेच असं ठरलं आणि आकडा बरोबर १,००० झाला. एकाच संघाच्या दोघांनी एका मोसमात हजार ओलांडण्याची किंवा गाठण्याची ती पहिली वेळ. नऊ यार्डांसाठी एवढी खटपट का? कारण हजार हा आकडा रनिंग बॅकची पत होती. वर्तमानपत्रातला मथळा त्यावर, पुढच्या कराराची बोलणी त्यावर. वाटणीत संघाचे यार्ड वाढतात, माणसाचे घटतात, आणि पगार माणसाला मिळतो. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यातल्या तिढ्याभोवती फिरतो.

१९७८च्या पेट्रियट्सकडे पाहा. त्या संघानं १६ सामन्यांत धावून ३,१६५ यार्ड काढले. हा विक्रम २०१९मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनं ३,२९६ यार्ड काढेपर्यंत, म्हणजे ४१ वर्षं टिकला. पण त्या संघात हजार यार्डांचा एकही मानकरी नाही. सॅम कनिंगहॅम ७६८, होरेस आयव्हरी ६९३, अँडी जॉन्सन ६७५ आणि क्वार्टरबॅक स्टीव्ह ग्रोगन ५३९. आज ही नावं कुणाच्या ओठावर नाहीत. त्याच वर्षी पदार्पण केलेला ह्यूस्टनचा अर्ल कॅम्पबेल मात्र सगळ्यांना आठवतो.

कॅम्पबेलच्या काळापासून पुढची सुमारे पंचवीस-तीस वर्षं एकट्या भारवाहकाची. त्याचं एक कारण मैदानाच्या आखणीत आहे. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्ज यांनी न्यूयॉर्क जायंट्सचा बचावपटू लॉरेन्स टेलरला रोखण्यासाठी दुसरा बॅक काढून त्या जागी आणखी एक टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू, आणला. मागे उरला एकच धावपटू, जॉन रिगिन्स. इतर संघांनीही आपापल्या कारणांनी दुसरा बॅक कमी केला, पास फेकण्याचं प्रमाण वाढलं आणि दोघांनी एकाच वेळी मैदानात उभं राहण्याची पद्धत मागे पडत गेली. आधीची वाटणी जागेची होती. ती गेल्यावर एक तर सगळं एकाला द्यायचं, नाही तर वेळ वाटायचा, एक आत तर दुसरा बाहेर. आधी सगळ्यांनी पहिला मार्ग धरला. कॅम्पबेलनं १९८०मध्ये ३७३ कॅरींत १,९३४ यार्ड काढले, एरिक डिकरसननं १९८४मध्ये ३७९ कॅरींत २,१०५. डिकरसनचा तो विक्रम अजून उभा आहे. कॅम्पबेल १९८५नंतर निवृत्त झाला आणि पुढे अनेक वर्षं चालताना आधार आणि चाकाची खुर्ची वापरताना लोकांनी त्याला पाहिलं.

शरीराचा हिशेब डोळ्यांवर यायला १९९८ उजाडलं. त्या मोसमात डेन्व्हरच्या टेरेल डेव्हिसनं ३९२ कॅरींत २,००८ यार्ड काढले आणि अटलांटाच्या जमाल अँडरसनला ४१० कॅरी मिळाल्या. दोघं जानेवारी १९९९मध्ये सुपर बोल या अंतिम सामन्यात समोरासमोर आले. पुढच्या मोसमाचे पहिले चार सामने होता होता दोघांचेही गुडघे गेलेले होते. २००६मध्ये कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनला ४१६ कॅरी मिळाल्या, तो विक्रम आहे. पुढच्या वर्षी पायाचं हाड मोडून त्याचा मोसम आठ सामन्यांत संपला. मग ‘३७०चा शाप’ बोलला जाऊ लागला : मोसमात ३७० कॅरी झाल्या की पुढचं वर्ष वाईट जाणारच. मला हा आकडा जरा ओढूनताणून आणलेला वाटतो. इतक्या कॅरी ज्याला मिळतात त्याचं ते वर्ष मुळातच धडधाकट आणि भरभराटीचं असतं, पुढचं वर्ष त्याहून खाली येणं साहजिक आहे. पण प्रशिक्षकांना भीती बसली ती बसलीच.

भीतीपेक्षा जास्त परिणाम मात्र डेन्व्हरमध्ये पुढे जे घडलं त्यानं केला असावा. डेव्हिस मुळात ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेच्या, सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर घेतलेला. तो पडल्यावर ओलँडिस गॅरी आला, त्यानं १,१५९ यार्ड काढले. गॅरीही जायबंदी झाला तर माइक अँडरसन आला, तोही सहाव्या फेरीतला, त्यानं १,४८७. प्रशिक्षक माइक शॅनाहन यांची अडवणुकीची पद्धत अशी बसलेली होती की मागून पळणारा बदलला तरी चाक फिरत राही. मालकांनी हे पाहिलं आणि विचारलं, मग एकाला एवढे पैसे कशाला?

त्यानंतर वाटणी झपाट्यानं पसरली. इंडियानापोलिस कोल्ट्सनं २००६चं विजेतेपद जोसेफ अडाई आणि डॉमिनिक रोड्स यांच्या जिवावर मिळवलं. नवखा अडाई नियमित मोसमात एकदाही पहिल्या अकरांत नव्हता, तरी हजार यार्डांपलीकडे गेला. २००८मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या ब्रँडन जेकब्ज, डेरिक वॉर्ड आणि अहमद ब्रॅडशॉ या त्रिकुटाला लोकांनी पृथ्वी, वारा आणि आग अशी नावं ठेवली. जेकब्ज आणि वॉर्ड दोघंही हजारापार गेले. कॅरोलिनाच्या जोनाथन स्टुअर्ट आणि डीअँजेलो विल्यम्सनी २००९मध्ये प्रत्येकी अकराशेचा टप्पा ओलांडला, अशी ती पहिलीच जोडी. कमिटी या शब्दातली हेटाळणी इथं संपली.

पैशाची बाजू लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११च्या करारानं पक्की केली. ड्राफ्टमधून आलेल्या नवख्यांचे पगार बांधले गेले आणि पहिला करार चार वर्षांचा झाला. रनिंग बॅकची उमेद याच चार वर्षांत खर्ची पडते, म्हणजे तो स्वस्त असतो तेव्हाच सगळ्यात चांगला असतो. २०१३च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही, २०१४मध्येही नाही. २०१८मध्ये पिट्सबर्गचा लेव्हियन बेल एका वर्षाच्या सक्तीच्या कराराला कंटाळून पूर्ण मोसम घरी बसला. त्याच्या जागी जेम्स कॉनरनं १३ सामन्यांत ९७३ यार्ड आणि १२ टचडाउन केले. बेलची बाजू न्याय्य होती, पण कॉनरच्या आकड्यांनी ती दुबळी केली. २०२३च्या उन्हाळ्यात सेक्वॉन बार्कली, जॉश जेकब्ज आणि टोनी पोलार्ड या तिघांसमोर १ कोटी ९१ हजार डॉलरचा तसाच एका वर्षाचा करार ठेवला गेला, तेव्हा जुलैत लीगमधले आघाडीचे रनिंग बॅक झूमवर एकत्र आले. फारसं हाती लागलं नाही. आपसांत काम वाटून घेतलेल्यांनी संप कसा करायचा, हा पेच होताच.

या वाटणीवर सगळ्यात जास्त चिडतात ते मात्र खेळाडू नव्हेत, फँटसी लीग खेळणारे, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करून त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवणारे. न्यू जर्सीत किंवा बे एरियात नोकरीला असलेला तुमचा एखादा पुतण्या ऑफिसच्या लीगमध्ये असेल तर त्याला विचारा. आपला माणूस ऐंशी यार्ड मेहनत करून चेंडू एका यार्डावर आणतो आणि तिथं दुसराच येऊन टचडाउन घेऊन जातो, याचं दुःख तो रंगवून सांगेल.

डेट्रॉइट लायन्सनं २०२३पासून डेव्हिड माँटगोमेरी आणि जमीर गिब्ज यांच्यात केलेली वाटणी ही अलीकडची सगळ्यात देखणी. पहिल्याच मोसमात एकाचे १३ आणि दुसऱ्याचे १० धावते टचडाउन. यातला गिब्ज चक्क पहिल्या फेरीतला, १२व्या क्रमांकाचा. स्वस्तातली सोय म्हणून रुजलेल्या पद्धतीत आता महागडे खेळाडूही घेतले जातात.

आणि बार्कली? जायंट्सनं सोडल्यावर तो फिलाडेल्फियाला गेला आणि २०२४मध्ये जुन्या भारवाहकासारखा ३४५ कॅरी घेऊन २,००५ यार्डांवर पोचला. एक सामना बाकी होता, तोही जायंट्सविरुद्धच, आणि डिकरसनचा चाळीस वर्षांचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते. संघाचं बाद फेरीतलं स्थान आधीच ठरलेलं होतं. प्रशिक्षक निक सिरियानी यांनी त्याला त्या दिवशी उतरवलं नाही. केनेथ गेनवेल आणि विल शिपली धावले, फिलाडेल्फिया २०-१३नं जिंकलं आणि ताज्या पायांचा बार्कली पाच आठवड्यांनी सुपर बोल जिंकून आला.