ई-रीडरवर मराठी: शाई कशी हलते आणि जोडाक्षरं का तुटतात

पुस्तकं वाचण्यासाठीच बनवलेला ई-रीडर बॅटरी पार उतरल्यावर हातात घेतला तर पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र दिसतं. अशा वेळी मोबाइलचा पडदा काळाठिक्कर पडतो. इथे मात्र वीज नसताना चित्र टिकून असतं. कागद सोडून या यंत्राकडे वळायचं की नाही हे ठरवण्याआधी समजून घ्यायची पहिली गोष्ट हीच.

या पडद्यात खरोखरच शाई असते. केसाच्या जाडीएवढ्या पारदर्शक कुप्यांचा एक थर, आणि प्रत्येक कुपीतल्या स्वच्छ द्रवात दोन प्रकारचे कण: टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे, कार्बनचे काळे. पांढऱ्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर त्याच्या उलट. खालून साधारण १५ व्होल्टचा दाब एका दिशेने दिला की पांढरे कण वर येतात, उलट दिला की काळे. मध्येच थांबवलं तर राखाडी रंग दिसतो. अशा १६ छटा मिळतात. कण एकदा जागेवर बसले की तिथेच राहतात, म्हणून वीज लागते ती पान उलटताना. बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते ती यामुळे. वाय-फाय सतत चालू ठेवलं आणि पडद्याचा दिवा पूर्ण तेजावर नेला तर तीच लवकर उतरते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालेल्या या तंत्रासाठी १९९७ साली ई-इंक ही कंपनी उभी राहिली, २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये पहिला रीडर विकायला काढला आणि २००७ मध्ये ॲमेझॉनचं किंडल आलं.

कण प्रत्यक्ष सरकतात, त्यामुळे त्यांच्या खोडीही प्रत्यक्षच. पान उलटल्यावर आधीच्या पानातली अक्षरं पुसट सावलीसारखी मागे उरतात, कारण काही कण पूर्ण वर-खाली गेलेले नसतात. त्यावर उपाय म्हणून यंत्र अधूनमधून सगळा पडदा काळा-पांढरा करून घेतं. ती अर्ध्या सेकंदाची लुकलुक म्हणजे बिघाड नव्हे. सावल्या जास्तच खुपत असतील तर सेटिंगमध्ये ‘पेज रिफ्रेश’ चालू करावं. थंडीत द्रव घट्ट होतो आणि पान हळू उलटतं. कंपन्या वापरासाठी साधारण ० ते ३५ अंश सेल्सिअसची मर्यादा देतात, तेव्हा मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर रीडर ठेवू नये.

ई-शाई पडलेल्या प्रकाशापैकी ४० ते ४५ टक्केच परत फेकते. चांगला पांढरा कागद याच्या जवळपास दुप्पट. म्हणून दिव्याशिवाय पान कळकट वाटतं. हे दिवे पडद्याच्या कडेला असतात आणि त्यांचा उजेड वरून शाईवर पडून मग डोळ्यांत येतो. टॅबलेटचा उजेड मागून थेट डोळ्यांकडे येतो. रात्री ‘ई-रीडर’ वाचल्याने झोप उशिरा लागते असं सांगणारा २०१५ चा एक अभ्यास वारंवार उद्धृत होतो. त्यात १२ जणांनी झोपण्याआधी चार तास वाचन केलं होतं, पण ते पूर्ण तेजावर ठेवलेल्या आयपॅडवर. तो निष्कर्ष मंद दिव्यात वाचल्या जाणाऱ्या ई-शाईला जसाच्या तसा लावता येत नाही.

सगळ्यात नाजूक भाग डोळ्यांना दिसत नाही. शाईच्या थराखालची विद्युतपट्टी बहुतेक यंत्रांत पातळ काचेची असते. गर्दीच्या लोकलमध्ये पिशवीतल्या डब्याचा कोपरा पडद्यावर दाबला गेला की वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतली काच तडकते. मग पडद्याच्या एका भागात जुनं चित्र गोठून बसतं आणि आडव्या-उभ्या रेघा उमटतात. ही काच सांधता येत नाही, अख्खा पडदाच बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीजवळ जातो. कडक पुठ्ठ्याचं कव्हर पहिल्याच दिवशी घ्यावं.

एवढं सांभाळलं की यंत्र निमूट काम करतं. मराठी वाचकाची खरी अडचण फाइलमध्ये असते, आणि लोक तिचा दोष यंत्राला देऊन ते कपाटात टाकतात याचं वाईट वाटतं.

मोफत मिळणारं बरंचसं मराठी साहित्य पीडीएफमध्ये आहे. पीडीएफ म्हणजे गोठवलेलं पान. डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचं असतं. सहा इंची रीडरचा पडदा ३.६ बाय ४.८ इंच. अख्खं पान त्यात बसवलं की ते ५६ टक्क्यांवर येतं आणि १४ पॉइंटचं अक्षर आठाच्याही खाली जातं. मात्रा, अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात ते इथेच. चारी बाजूंचे समास कापले तर अक्षर साडेनऊ पॉइंटपर्यंत चढतं. यंत्र आडवं धरून मजकुराची सव्वाचार इंचांची रुंदी पडद्याच्या लांब बाजूला भिडवली तर ते जवळजवळ १६ पॉइंटचं होतं, आणि एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचता येतं. पीडीएफ वाचायचीच असेल तर ही आडवी पद्धत वापरावी, किंवा सरळ दहा इंची यंत्र घ्यावं.

पीडीएफची ईपब, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे ओळी नव्याने लावून घेणारी फाइल, करून घ्यायची असेल तर आधी एक तपासणी करा. संगणकावर फाइल उघडून एक ओळ निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच येत नसेल तर पान स्कॅन केलेलं चित्र आहे; त्यावर अक्षरओळख चालवावी लागेल आणि घ-ध, भ-म, ब-व यांची गफलत हाताने दुरुस्त करावी लागेल. चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसला तर मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये आहे (युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींसाठीची सामाईक संकेतपद्धत); तो आधी फॉण्ट परिवर्तकातून काढायला हवा. तिसरी शक्यता फसवी. मराठी तर उमटतं, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते किंवा सुटून एकटी उभी राहते, आणि रफार गायब होतो. युनिकोडमध्ये ‘कि’ म्हणजे आधी ‘क’, मग वेलांटी, असा उच्चाराचा क्रम असतो. पीडीएफमध्ये मात्र आकार डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठेवलेले असतात. म्हणून शक्य असेल तिथे प्रकाशकाची मूळ वर्ड फाइल किंवा तयार ईपब शोधावी. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं थेट ईपबमध्ये उतरवता येतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचं साहित्य २०११ पासून खुलं आहे.

रूपांतरासाठी कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या रीडरसाठी ते सुरू केलं. पुस्तकाच्या माहितीत भाषा मराठी निवडा, ‘लुक अँड फील’मध्ये फॉण्ट अंतर्भूत करा, आणि रीडरवर ‘पब्लिशर फॉण्ट’ निवडायला विसरू नका. नाहीतर यंत्र स्वतःचाच फॉण्ट दाखवत राहील. फॉण्टची निवड महत्त्वाची आहे. अनेक देवनागरी फॉण्टांत ‘ल’ आणि ‘श’ मुळात हिंदी वळणाचे असतात. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ फॉण्टात असले तरी मजकूर मराठी असल्याची खूण फाइलच्या आत मिळाल्याशिवाय ते पुढे येत नाहीत, आणि सगळीच यंत्रं ती खूण वाचत नाहीत. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉण्ट मराठी वळणासाठीच बनवलेला आहे, त्याला खुणेची वाट बघावी लागत नाही. ओळींतलं अंतर दीडपट ठेवा. दोन्ही कडा सरळ करण्याची सोय बंद करा: मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ असे लांबलचक शब्द होतात, बरीच यंत्रं ते ओळीच्या शेवटी तोडत नाहीत, आणि अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

विकत घेतलेल्या पुस्तकांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात असावी: बहुतेक दुकानं वाचण्याचा परवाना विकतात. ॲमेझॉनने संगणकावर पुस्तक उतरवून यूएसबीने किंडलमध्ये टाकायची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. पुन्हा पुन्हा लागणारं पुस्तक छापील घ्यावं, किंवा कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप नसलेल्या ईपबमध्ये.

यंत्र घेण्याआधी एक छोटी फाइल बनवून ओळखीच्या कुणाच्या रीडरवर उघडून बघा. तिच्यात हे शब्द घाला: किती, विज्ञान, वाङ्मय, ॲप, राष्ट्र, आचार्यांना, आचाऱ्यांना. ‘किती’तली पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे गेली किंवा ‘विज्ञान’मध्ये पाय मोडलेला ‘ज’ सुटा दिसला, तर त्या यंत्राला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत आणि कुठल्याही फॉण्टने ते सुधारणार नाही. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याच्या जागी चौकोन दिसला तर फॉण्ट जुना आहे. शेवटचे दोन शब्द सारखेच दिसले तर फाइल तपासा. ‘आचाऱ्यांना’मधला आडवा अर्धा ‘र’ दोन प्रकारे साठवतात: हलन्त ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून, किंवा नुक्ता असलेल्या वेगळ्या ‘ऱ’ला हलन्त जोडून. रूपांतरात अदृश्य चिन्ह गळून पडतं आणि स्वयंपाक्यांना दिलेली दक्षिणा गुरुजनांच्या हाती जाते. दुसरा प्रकार टिकतो. शोधा-बदला वापरून सगळे तसे करून घ्या.