शॉक ॲब्सॉर्बर गळला म्हणजे बाद झाला, असे नव्हे
बडोद्यात जुनी स्पोर्ट्स कार हौसेने सांभाळणाऱ्या मराठी मंडळींत अशी समजूत रूढ आहे की, शॉक ॲब्सॉर्बर (चाकांना बसणारे धक्के शोषणारा भाग) गळू लागला की कंपनीच्या विक्रेत्याकडून नवा घेण्यावाचून गत्यंतर नसते. ही समजूत अर्धवट आहे. एकनळी, वायुदाबाच्या (एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू असलेल्या) अनेक शॉक ॲब्सॉर्बरमध्ये प्रामुख्याने झिजतात ती सील, दांड्याचे बुश (दांडा ज्यातून सरकतो ते कडे) आणि आतले तेल. नळी व दांडा शाबूत असल्यास स्वतंत्र जाणकार तो उघडून, हे सारे बदलून आणि सुमारे २५ बार दाबाने नायट्रोजन भरून पुन्हा कामास लावू शकतो. (कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मात्र हे काम नव्हे, दाबाखालची नळी बेसावधपणे उघडणे जिवावर बेतू शकते.) विक्रेत्याच्या कार्यशाळेत सहसा अख्खा भागच बदलतात, त्यातून हा ग्रह पसरला असावा. दांड्याच्या क्रोमवर खड्डे पडले असतील, तर नवे सीलही लवकरच फाटते. चुंबकीय द्रवाचे (ज्यांतल्या द्रवाचा घट्टपणा चुंबकाने बदलतो ते) किंवा कडा दाबून कायमचे बंद केलेले प्रकार बदललेलेच बरे. जाणकाराकडे अवरोध (शॉक ॲब्सॉर्बर हालचालीला करतो तो विरोध) मोजणारे यंत्र आहे का, हे आधी विचारावे आणि त्यावर काढलेले डाव्या-उजव्या बाजूंचे आलेख जुळलेले पाहूनच पैसे चुकते करावेत.