स्वयंचलित बचाव अंगाशी येऊ नये म्हणून: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमची फायरवॉल किंवा एंडपॉइंट (म्हणजे प्रत्येक संगणकावरची) सुरक्षा प्रणाली धोका दिसताच स्वतःहून पाऊल उचलते: आयपी पत्ता ब्लॉक करते, खाते लॉक करते, फाइल क्वारंटाइनमध्ये (न पुसता वेगळी बंदिस्त) टाकते, मशीन नेटवर्कपासून तोडते. रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) मध्यरात्री सुरू झाले तर कोणी जागे होईपर्यंत थांबणे परवडत नाही, म्हणून ही सोय चालूच ठेवा. पण चुकीच्या माहितीवरही ती तेवढ्याच वेगाने धावते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी अँटिव्हायरसच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची, चालण्यासाठी आवश्यक असलेली ‘एसव्हीसीहोस्ट’ फाइल व्हायरस ठरवली. हजारो संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले, त्यांचे नेटवर्क गेले आणि दुरुस्ती एकेका संगणकासमोर बसून करावी लागली.

तुमचाच नियम तुमच्याविरुद्ध

चुकीच्या अपडेटपेक्षा आम्हाला जास्त काळजी वाटते ती मुद्दाम घडवलेल्या चुकीची. यूडीपी या पद्धतीत जोडणी न जुळवताच माहितीचे पॅकेट पाठवले जाते, त्यामुळे त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. हल्लेखोराने तिथे तुमच्या डीएनएस सर्व्हरचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता घातला आणि प्रणालीने तो ब्लॉक केला, की चोर सोडून संन्याशाला फाशी. इंटरनेट तुमचेच बंद. म्हणून टीसीपी या पद्धतीतले हँडशेक, म्हणजे दोन्ही बाजूंनी उत्तरे देऊन जोडणी जुळणे, पूर्ण झाल्याशिवाय केवळ पॅकेटवरच्या पत्त्यावर विसंबून आम्ही ब्लॉक लावत नाही.

खाते लॉक होण्याचा नियमही असाच उलटतो. कर्मचाऱ्यांचे ईमेल पत्ते बाहेर माहीत असतात. पाच चुकीच्या पासवर्डनंतर खाते लॉक होत असेल, तर एक साधी स्क्रिप्ट सगळ्या कचेरीला दिवसभर बाहेर ठेवू शकते. आम्ही मर्यादा १० प्रयत्नांची ठेवतो, १५ मिनिटांनी लॉक आपोआप सुटतो, आणि खरा भार दुहेरी पडताळणीवर (पासवर्डबरोबर दुसरा पुरावा मागण्यावर) टाकतो.

तिसरी वाट लॉगमधून, म्हणजे प्रणालीने ठेवलेल्या नोंदींमधून येते. अयशस्वी लॉगिनच्या ओळीत वापरकर्त्याचे नाव हल्लेखोराने टाइप केलेले असते. त्या नावाच्या जागी त्याने ‘फ्रॉम १९२.०.२.१०’ असे लिहिले आणि लॉगच्या ओळीतून पत्ता वेचणारा पॅटर्न (शोधाचा साचा) ढिला असला, तर खऱ्या पत्त्याऐवजी हाच उचलला जातो. पॅटर्न ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधलेला हवा. लॉगमधला मजकूर शेल कमांडमध्ये (संगणकाला थेट दिलेल्या आज्ञेत) जसाच्या तसा कधीही जाऊ नये. एआय सहायक लॉग वाचून निर्णय घेत असेल, तर मजकुरात पेरलेल्या सूचना तो पाळू शकतो. त्याला फक्त शिफारस करू द्या.

आम्ही घालतो ती बंधने

पहिले बंधन वेळेचे. फेल-टू-बॅन या, लॉग वाचून पत्ते ब्लॉक करणाऱ्या प्रोग्रॅमची मूळ मांडणी १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटे बंदी अशी आहे. ती चांगली आहे. पुन्हा चुकल्यास बंदी वाढत जावी, पण कायमची बंदी माणसानेच घालावी. एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो मोबाइल ग्राहक असू शकतात.

दुसरे, सूट-यादी. गेटवे (इंटरनेटकडे जाण्याचे दार), डीएनएस, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन तपासणारा सर्व्हर), बॅकअप सर्व्हर आणि तुमच्या प्रशासकाचा ठरलेला पत्ता तिच्यात असतो. सूट फक्त आपोआप ब्लॉक होण्यापासून आहे, इशारा मात्र आलाच पाहिजे. नाहीतर ही यादीच हल्लेखोराचे दार होते.

तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे: संख्येची मर्यादा. १५ मिनिटांत तीनपेक्षा जास्त मशीन तोडायची वेळ आली, तर चौथ्यापाशी प्रणाली थांबते आणि जबाबदार माणसाला फोन जातो. हल्ला खरा असेल तर एका संमतीने पुढची सगळी तुटतात. नियम चुकला असेल तर नुकसान तिनावर थांबते. मात्र फोन उचलणारा रात्रीही हवा. तो नसेल तर ही मर्यादा हल्लेखोराच्याच पथ्यावर पडते.

फाइल पुसणे आणि मशीन बंद करणे आम्ही आपोआप होऊ देत नाही. क्वारंटाइनमधली फाइल परत आणता येते. बंद केलेल्या मशीनच्या रॅममधला पुरावा परत येत नाही.

चालू करण्याआधी

नवा नियम किमान चार आठवडे ‘फक्त नोंद’ स्थितीत चालवा, महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे. रात्रीचा बॅकअप हजारो फाइल भराभर उघडतो आणि लिहितो. रॅन्समवेअरचा नियम त्याला सहज पकडू शकतो. ज्या मशीनवर तो चालतो ते सूट-यादीत नसल्याने तोडले गेले तर बॅकअप थांबतो, आणि हे फाइल परत हवी असते त्याच दिवशी लक्षात येते. अशा वेळी सूट त्या बॅकअप प्रोग्रॅमच्या डिजिटल सहीला (तो खऱ्या निर्मात्याचाच आहे हे सांगणाऱ्या खुणेला) द्या, अख्ख्या फोल्डरला नको.

तुमचेच लोक अडकले तर

१. सगळे संरक्षण बंद करू नका. कारवाईच्या नोंदीत नियमाचा क्रमांक पाहा आणि तेवढाच नियम ‘फक्त नोंद’वर न्या.
२. नेटवर्कवरून आत जाता येत नसेल तर थेट कन्सोलवरून (त्या मशीनच्याच स्क्रीन-कीबोर्डवरून) आपत्कालीन खात्याने जा. त्याचा पासवर्ड कागदावर, तिजोरीत. दर तीन महिन्यांनी तो वापरून पाहा.
३. ब्लॉक काढण्याआधी नोंदीची प्रत घ्या. इशारा खरा असण्याची शक्यता अजून संपलेली नसते.
४. आम्हाला नियमाचा क्रमांक, वेळ, अडकलेला पत्ता किंवा खाते, आणि त्या वेळी कोणते काम चालू होते, एवढे कळवा. पासवर्ड पाठवू नका.