आठ आण्यांचं कुत्रं

मोकाट कुत्र्यांवरून मुंबईत दंगल झाली ती ६ जून १८३२ला. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात या समजुतीनं कंपनी सरकारनं वर्षातले काही आठवडे ती मारायला पोलिसांना मोकळीक दिली होती, वर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. त्या वर्षी मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. आठ आण्यांसाठी शिपाई मग रस्त्यावरचं आणि ओट्यावरचं असा भेद करीनात. पारशांत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्याला सगदीद म्हणतात. त्यात तो दिवस त्यांच्या सणाचा. कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, पोलिसांना मारहाण झाली, बाजार बंद पडला, गोऱ्या पलटणीची रसद अडली. हिंदू, जैन, मुसलमानही त्यात उतरले. शेवटी पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाईंनी मध्यस्थी केली आणि १८३४ साली त्यांनी व शेठ मोतीचंद अमीचंद यांनी जनावरांसाठी पांजरापोळ काढला. भुलेश्वरला तो अजून आहे.

सरकारची भीती मात्र खोटी नव्हती. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ हमखास जातो. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. ६ जुलै १८८५ला पाश्चरनं नऊ वर्षांच्या जोझेफ माइस्टरला लस टोचली. आपल्याकडे १९००मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली आणि तिथेच डेव्हिड सेम्पलनं १९११मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस केली. ‘बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं’ हा आपल्या लहानपणचा बागुलबुवा म्हणजे हीच लस. ती देशात २००४च्या अखेरपर्यंत बनत होती. आता दंडात चार-पाच सुया घेतल्या की झालं, जखमेतून रक्त आलं असेल तर सोबत तयार प्रतिपिंडांचं सीरम. पण धाक इतका मुरलाय की चावलेली पोरं अजून घरी सांगत नाहीत, आणि घरचे जखमेवर तिखट नाहीतर चुना लावतात. खरं तर आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, मग तडक दवाखाना गाठायचा.

माणसाला लस मिळाली तरी कुत्र्याच्या वाट्याला मरणच होतं. मुंबई महापालिका १९९४पर्यंत कुत्री पकडून विजेचा झटका देऊन मारत होती. इतकी वर्षं मारूनही ती संपली का नाहीत, याचं उत्तर कचराकुंडीत आहे. खायला शिल्लक राहतं, मोकळ्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात, उरलेल्यांना पिल्लं होतात, आणि नव्यांपैकी कुणालाच लस टोचलेली नसते. म्हणून १९९०च्या दशकात चेन्नई, मुंबईत धोरण बदललं: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाला खाच पाडा आणि होतं तिथेच सोडा. २००१मध्ये त्याचे केंद्रीय नियम झाले, २०२३मध्ये सुधारले. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीची कुत्री सरसकट निवाऱ्यात हलवायला सांगितलं आणि अकराच दिवसांत आदेश बदलला: पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळून बाकीची पुन्हा जागेवर.

हे जमतं का, ते गोव्यात पाहावं. मिशन रेबीज या संस्थेची माणसं आणि राज्य सरकार यांनी वाड्यावाड्यांत जाळी घेऊन फिरत, फोनवरच्या नकाशात नोंद करत, वर्षाला ९५,०००वर कुत्र्यांना लस दिली. दहातली सात कुत्री टोचली गेली की साखळी तुटते, हे गणित त्यांनी धरलं. शाळांतून वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत ती पोहोचली. २०१९पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे बळी थांबले.

एक गोष्ट मात्र कुणी फारशी बोलत नाही. ही लस आपण आपल्यासाठी टोचतो. कुत्र्याला मारणारे आजार वेगळेच, आणि त्यांची लस सरकारी मोहिमेत सहसा नसते. पार्वो १९७८च्या सुमारास जगभर पसरला. रक्ताचे जुलाब होऊन पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. डिस्टेंपरमध्ये नाक-डोळे गळतात, मग पाय उडतात, जबडा च्युइंगगम चघळल्यासारखा हलत राहतो, तोंडाला फेस येतो. अशी किती कुत्री ‘पिसाळलंय’ म्हणून दगडांखाली गेली असतील! दोन्हींवर थेट औषध सहज मिळत नाही, पण लस आहे. गल्लीतल्या पिल्लांना सहा-आठ आठवड्यांची झाल्यावर वर्गणी काढून ती द्यावी, हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपकार.

आमच्या गल्लीत वडापावच्या गाडीखाली बसणाऱ्या कुत्रीला मागून रक्त ठिबकायचं. माजावर असेल म्हणून महिना गेला. ती गाठ निघाली, संसर्गानं पसरणारा कर्करोग. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात उपजलेल्या पेशी समागमातून आजवर चालत आल्यात. ऐकून हादरलो, पण उपाय साधा निघाला: व्हिन्क्रिस्टिन, आठवड्याला एक इंजेक्शन, शिरेतून. हे औषध सदाफुलीतून मिळतं. गाडीवाल्या मावशी तिचं डोकं मांडीवर दाबून धरायच्या. परक्या माणसाला तिनं हात लावू दिला नसता. पाचव्या आठवड्याला गाठ दिसेनाशी झाली.

लुतीचं तसंच. केस गेलेल्या कुत्र्यावर गॅरेजमधलं जळकं ऑइल ओततात. ते चाटून त्याला विषबाधा होते. जखमेत किडे पडले की फिनेल ओततात, तेही तितकंच वाईट. लूत आणणाऱ्या किड्यावर आयव्हरमेक्टिन चालतं. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं आणि शोधणाऱ्यांना २०१५चं नोबेल. पण मात्रा वजनावर ठरते, तेव्हा गोळी डॉक्टरांनाच विचारून चिकनच्या तुकड्यात घालायची. पावसाळ्यात गोचिडं वाढतात. कुत्रं खाईनासं झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर गोचीडताप समजून लवकर दाखवायचं. आणि कुणाला चावलेलं कुत्रं मारायचं नाही. दहा दिवस नजरेखाली ठेवायचं: त्यात ते धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. तोवर माणसाच्या सुया चालूच ठेवायच्या.

महापालिकेची गाडी आली की जाळं पाहून कुत्री पळतात. आमच्याकडे गेल्या खेपेला मावशींनी आदल्या रात्री खाणं बंद ठेवलं, सकाळी बिस्किटांचा पुडा खडखडवला आणि नऊ कुत्री हातानं धरून दिली. दहावं अजून मंडईमागे फिरतंय, कान अख्खे असलेलं.