सागरतळावरील मिथेनभक्षक सूक्ष्मजीव

समुद्रतळाच्या गाळात, ऑक्सिजन पोहोचत नाही अशा थरांमध्ये राहून मिथेन वायूवर उपजीविका करणारे सूक्ष्मजीव. यांतील प्रमुख घटक आर्किया या, जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण त्यांच्याहून वेगळ्या गटातील एकपेशीय जीव असून बहुतेक ठिकाणी ते सल्फेटचे क्षपण करणाऱ्या (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे सल्फाइड बनवणाऱ्या) जीवाणूंच्या सोबतीने राहतात. सागरी गाळात तयार होणाऱ्या मिथेनपैकी ९० टक्क्यांपर्यंत वायू पाण्यात शिरण्याआधीच हे जीव संपवून टाकतात, असा अंदाज आहे. शंभर वर्षांच्या कालमानात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट उष्णता अडवतो, हे लक्षात घेता या जीवांचे महत्त्व त्यांच्या आकाराच्या मानाने फारच मोठे ठरते.

समुद्राच्या वरच्या थरातील मृत प्लवक तळाशी येऊन गाळात पुरले जातात. त्यांच्या कुजण्यात गाळातील ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटरांतच संपतो. त्यानंतर समुद्राच्या पाण्यात मुबलक असलेले सल्फेट वापरले जाते, आणि तेही संपले की मिथेनजनक आर्किया कामाला लागतात. आणखी खोलवर पृथ्वीच्या उष्णतेने सेंद्रिय द्रव्याचे विघटन होऊनही मिथेन निर्माण होतो. जिथे थंडी आणि दाब पुरेसा असतो तिथे हा वायू पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकून बर्फासारखे दिसणारे मिथेन हायड्रेट बनते. एक घनमीटर हायड्रेट वितळले, तर पृष्ठभागावर सुमारे १६४ घनमीटर वायू मिळतो. मोकळा राहिलेला मिथेन गाळाच्या छिद्रांमधील पाण्यातून हळूहळू वर सरकत असतो आणि समुद्राच्या पाण्यातील सल्फेट खाली झिरपत असते. या दोन प्रवाहांची गाठ जिथे पडते त्या पट्ट्याला सल्फेट-मिथेन संक्रमण क्षेत्र म्हणतात. मिथेन जोराने वर येणाऱ्या ठिकाणी हा पट्टा समुद्रतळाखाली अवघ्या काही सेंटिमीटरांवर असतो, तर शांत गाळात तो कित्येक मीटर खोल जातो.

या जीवांचा सुगावा प्रथम लागला तो सूक्ष्मदर्शकातून नव्हे, आलेखाच्या कागदावर. १९७०च्या दशकाच्या मध्यावर लाँग आयलंड साउंड, कॅलिफोर्नियाजवळची सांता बार्बरा द्रोणी आणि व्हेनेझुएलाजवळची कारियाको खंदक या ठिकाणच्या गाळाचे नमुने तपासणाऱ्या विल्यम रीबर्ग आदी भूरसायनशास्त्रज्ञांना दिसले की, वर येणारा मिथेन ऑक्सिजनपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधीच नाहीसा होतो, आणि तोही नेमका सल्फेट संपते त्या खोलीवर. त्यावरून मिथेनचे सल्फेटच्या साहाय्याने ऑक्सिडीभवन (म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन काढून घेण्याची क्रिया) होत असावे असे अनुमान निघाले. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना ते सहजी पटले नाही. मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंध अत्यंत मजबूत असतो, आणि १९०६ मध्ये झोंगेन यांनी मिथेनवर वाढणारा जीवाणू प्रथम वेगळा केला तेव्हापासून ज्ञात असलेले सर्व मिथेनभक्षक जीवाणू हा बंध तोडण्यासाठी ऑक्सिजनच वापरत. शिवाय आलेखात दिसणारा हा जीव प्रयोगशाळेत वाढवून दाखवणे कोणालाही जमत नव्हते. त्यांचा संशय गैरवाजवी नव्हता. मात्र आलेख बरोबर होते.

१९७९ मध्ये झेंडर आणि ब्रॉक यांनी मिथेनजनक आर्किया थोड्या प्रमाणात मिथेनचे ऑक्सिडीभवनही करतात हे दाखवले. १९९४ मध्ये टोरी होलर आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील गाळाच्या अभ्यासावरून असे मत मांडले की, मिथेननिर्मितीची रासायनिक साखळी उलट्या दिशेने चालवणारा आर्किया आणि त्याच्याकडून निघणारे इलेक्ट्रॉन स्वीकारून सल्फेटचे क्षपण करणारा जीवाणू, असे हे जोडकाम असावे. याला ठोस पुरावा मिळाला तो समस्थानिकांकडून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंकडून. जैविक मिथेनमध्ये कार्बन-१३ हे जड समस्थानिक फारच कमी असते. त्यामुळे मिथेन खाणाऱ्या जीवाच्या पेशींतही ती ‘हलक्या’ कार्बनची खूण उतरते. १९९९ मध्ये काय-उवे हिनरिक्स आणि सहकाऱ्यांना उत्तर कॅलिफोर्नियाजवळच्या ईल नदी द्रोणीतील गाळात केवळ आर्कियांमध्येच आढळणारे असे मेद सापडले, ज्यांच्यातील कार्बन-१३ची तूट दर हजारी शंभराच्या घरात होती. सर्वसाधारण सागरी सेंद्रिय द्रव्यात ती वीस-पंचवीसच असते. पुढच्याच वर्षी आन्त्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांनी ओरेगनजवळच्या हायड्रेट रिज येथील गाळात, प्रतिदीप्त रंगांनी ठरावीक जनुकक्रम उजळवण्याच्या पद्धतीने, हे सहजीवन प्रत्यक्ष पाहिले. मध्यभागी सुमारे शंभर आर्किया पेशींचा गोळा आणि त्याभोवती सल्फेटक्षपक जीवाणूंचे कवच अशी त्याची रचना होती. २००१ मध्ये व्हिक्टोरिया ऑर्फन आणि सहकाऱ्यांनी अशाच गोळ्यांतील कार्बनचे समस्थानिक पेशींच्या पातळीवर मोजले आणि मिथेन खाणारा जीव हाच, हे निश्चित केले.

या आर्कियांना ॲनमी असे (‘ऑक्सिजनविना जगणारे मिथेनभक्षक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून) संक्षिप्त नाव असून त्यांचे ॲनमी-१, ॲनमी-२ आणि ॲनमी-३ असे मुख्य गट मानले जातात. हे गट एकाच कुळातले नाहीत. प्रत्येकाचे जवळचे नातलग वेगवेगळे मिथेनजनक आहेत. मिथेनजनकांमध्ये मिथेननिर्मितीची अखेरची पायरी निकेलयुक्त घटक असलेला एक विकर (एन्झाइम) पार पाडतो. त्याचाच जवळचा भाऊबंद काळ्या समुद्रातील ॲनमी जीवांच्या जाड थरांतून २००३ मध्ये मोठ्या प्रमाणात वेगळा करण्यात आला. ॲनमीमध्ये तो पहिल्या पायरीवर, उलट दिशेने काम करतो. सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या जीवाणूकडे कसे जातात, हा प्रश्न बराच काळ वादाचा होता. हायड्रोजन किंवा अन्य लहान रेणूंमार्फत ते जात असावेत, ही कल्पना प्रयोगांत टिकली नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून असे दिसले की, पेशींबाहेर पसरलेल्या सायटोक्रोम या इलेक्ट्रॉनवाहक प्रथिनांमधून आणि तंतूंसारख्या रचनांमधून इलेक्ट्रॉन थेट पोहोचवले जातात. म्हणजे दोन पेशींमध्ये जणू विजेची तारच जोडलेली असते.

या व्यवहारातील कमाई मात्र अत्यल्प आहे. ऑक्सिजनच्या साहाय्याने एक मोल मिथेन जाळल्यास ८०० किलोजूलहून अधिक ऊर्जा मिळते. सल्फेटच्या साहाय्याने, समुद्रतळावरील परिस्थितीत, साधारण २० ते ४० किलोजूल, आणि तीही दोघांत वाटून घ्यायची. साहजिकच वाढ कमालीची मंद असते. प्रयोगशाळेत, मिथेनचा भरपूर पुरवठा करूनही, पेशींची संख्या दुप्पट व्हायला सुमारे सात महिने लागल्याचे आढळले आहे. एखाद्याने पीएच.डी.ची चार वर्षे या जीवांवर घालवली, तर त्याच्या हाती जेमतेम सहा-सात पिढ्या लागतात. सल्फेटवर अवलंबून असणाऱ्या ॲनमीचे ज्ञान आजही मुख्यतः मिश्र संवर्धनांतून (अनेक जीव एकत्र वाढवून) आणि जनुकसंचांच्या वाचनातून येते, याचे एक कारण हेच.

ऑक्सिडीभवनातून बाहेर पडणारे हायड्रोजन सल्फाइड आणि बायकार्बोनेट यांवर समुद्रतळाची एक स्वतंत्र जीवसृष्टी उभी राहते. सल्फाइडवर जगणाऱ्या तंतुमय जीवाणूंचे पांढरे-नारिंगी गालिचे आणि शरीरात जीवाणू बाळगणाऱ्या शिंपल्या व नळीकृमी, हे सारे सूर्यप्रकाशाविना चालते. बायकार्बोनेटमुळे कॅल्शियम कार्बोनेटचे खडक साचतात. काळ्या समुद्रात सुमारे २३० मीटर खोलीवर, ऑक्सिजनरहित पाण्यात, असे चार मीटरपर्यंत उंचीचे मनोरे सूक्ष्मजीवांच्या थरांनी वेढलेले आढळले आहेत. प्राचीन खडकांतील हलका कार्बन पाहून भूवैज्ञानिक लाखो वर्षांपूर्वीची मिथेनगळतीची ठिकाणे ओळखतात, तेही याच प्रक्रियेमुळे.

भारताच्या बाबतीत बंगालच्या उपसागरातील कृष्णा-गोदावरी द्रोणी महत्त्वाची आहे. २००६ मध्ये राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेत जॉइडेस रेझोल्यूशन या जहाजावरून येथे वेधन करण्यात आले आणि शंभर मीटरांहून अधिक जाडीचा हायड्रेटयुक्त थर मिळाला. पुढे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच द्रोणीत सक्रिय मिथेनगळती आणि तिच्यावर पोसलेली जीवसृष्टी असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध केले.

सल्फेट हाच एकमेव पर्याय नाही. गोड्या पाण्यात ॲनमी-२डी या गटातील जीव नायट्रेट वापरतात, आणि लोह व मँगनीजच्या ऑक्साइडांच्या साहाय्यानेही मिथेनचे ऑक्सिडीभवन होते असे प्रयोगांत दिसले आहे. समुद्रतळावर मात्र सल्फेटचाच वाटा सर्वांत मोठा आहे, आणि तिथेच या जीवांची मर्यादाही कळते. ते पाण्यात विरघळलेला मिथेन वापरतात. बुडबुड्यांच्या रूपाने वेगाने निसटणारा वायू त्यांच्या हाती लागत नाही. बॅरेंट्स समुद्रातील हाकोन मोस्बी या सुमारे १,२५० मीटर खोलीवरील चिखल-ज्वालामुखीच्या मध्यभागी खालून येणारा द्रव इतक्या जोराने उसळतो की, सल्फेटला गाळात खाली उतरायलाच वाव मिळत नाही. तिथे मिथेन भरपूर असूनही या आर्कियांना बस्तान बसवता येत नाही, आणि प्रवाह मंदावलेल्या कडेच्या पट्ट्यातच ॲनमी-३ची वस्ती दिसते.